दोष रंगाचा की मुहूर्ताचा?

द्वितीय वर्ष, कला

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. कोकणात राहणाऱ्याने तिला 'आणि रंग पाहावा देऊन' असे शेपूट जोडायला हरकत नाही. घर एकदा बांधून होते, लग्नही एकदाचे उरकते. पण बाहेरच्या भिंतींचा रंग दर दोन-तीन वर्षांनी घरमालकाच्या खिशाला हात घालतोच. फुगे आले, पोपडे पडले, शेवाळ चढले की कोणी कंपनीला दोष देतो, कोणी रंगाऱ्याला. माझे मत असे की, दोष पुष्कळदा या दोघांचाही नसतो. तो मुहूर्ताचा असतो. आपण बाहेरचा रंग गणपतीसाठी देतो, भिंतीसाठी देत नाही.

महाविद्यालयाच्या वार्षिकात रंगकामावर लेख कशाला, असे कोणी विचारील. या पानांवर कविता असतात, प्रवासवर्णने असतात, हुंड्यावर आणि परीक्षापद्धतीवर लेख असतात. ते सर्व असावेच. परंतु ज्या घरात आपण राहतो त्याच्या भिंतीवर चार ओळी लिहिल्या तर साहित्याचे काही बिघडत नाही. शिवाय या विषयावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. माझे वडील रंगारी आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. डब्यावरच्या इंग्रजी सूचना वाचून दाखवणे आणि हिशेबाची वही लिहिणे ही दोन कामे आठवीपासून माझ्याकडे आहेत. कुंचला हातात न धरताही या धंद्याची बरीच ओळख मला या दोन कामांनी करून दिली.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात गणपती हा घराघराचा सण आहे. मुंबईचा चाकरमानी एरवी येवो न येवो, गणपतीला येतोच. येण्याआधी महिनाभर त्याचा निरोप येतो, 'घराला रंग काढून घ्या.' त्यामागची भावना मी समजू शकते. देव घरी यायचा, पाहुणे यायचे, आरतीला सारी वाडी यायची. अशा वेळी दर्शनी भिंत काळवंडलेली कोणाला आवडेल? म्हणून आषाढ-श्रावणात रंगाऱ्यांची एकच धांदल उडते. पाऊस थांबला की दोन हात मारायचे, पाऊस आला की पडवीत उभे राहायचे, असे काम चालते.

आता याच दिवसांतल्या भिंतीची अवस्था पाहू. आमच्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक, म्हणजे सुमारे सव्वाशे इंच पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. गणेश चतुर्थी येते ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हातरी. म्हणजे भिंत अडीच-तीन महिने पाणी पीत आलेली असते. त्यात आमची भिंत जांभ्याच्या चिऱ्याची. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो, पण त्याच्या अंगातली छिद्रे काही बुजत नाहीत. फ्रान्सिस बुकॅनन या प्रवाशाने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात या दगडाला 'लॅटराइट' असे नाव दिले. लॅटिन भाषेत विटेला जो शब्द आहे त्यावरून ते घेतलेले आहे. विटेसारखा कापता येणारा हा दगड विटेसारखेच पाणीही शोषतो.

या भिजलेल्या भिंतीवर आपण काय लावतो? ज्याला लोक सरसकट 'प्लॅस्टिक पेंट' म्हणतात तो बाहेरचा इमल्शन रंग. तो वाळला की भिंतीवर सलग पापुद्रा धरतो. बाहेरचा पाऊस अडवणे हे त्याचे काम आणि कोरड्या भिंतीवर तो ते चोख करतो. परंतु भिंतीच्या पोटात आधीच पाणी असेल तर? ऑक्टोबरचे ऊन पडले की ती ओल वाफ होऊन बाहेर पडू पाहते. पापुद्रा थोडी वाफ जाऊ देतो, सगळी नाही. मग फुगे येतात, फुगे फुटले की पोपडे पडतात. पाण्याबरोबर भिंतीतले क्षारही पृष्ठभागापर्यंत येतात आणि पांढरा लोणा धरतो. गणपतीत आरशासारखी दिसलेली भिंत शिमग्याला देवी आल्यासारखी दिसते.

आपले पूर्वज या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे होते असे म्हणण्याचा मोह मला टाळायचा आहे, कारण त्यांच्या घरांनाही ओल येत असे. पण ओलीशी कसे वागावे हे त्यांना माहीत होते. पावसाळ्यापूर्वी ते नारळाच्या झावळ्यांचे झाप विणून झोडपणाऱ्या बाजूच्या भिंतींना बांधीत. वळचण लांब ठेवीत. भिंतीला देत चुना. कळीचा चुना पाण्यात टाकला की खदखदून उकळतो; तो मुरवून, गाळून, डिंक आणि थोडी नीळ घालून भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू त्याचा पुन्हा चुनखडीसारखा दगडच होतो. हा थर भिंतीला गुदमरवीत नाही. ओल त्यातून आरपार निघून जाते. पुढच्या वर्षी त्याच्यावरच दुसरा हात. गोव्यात आणि दक्षिण कोकणात जुन्या देवळांवर जी कावी चित्रे आहेत, ती तर रंग वर लावून केलेलीच नाहीत. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देऊन तो कोरला आणि खालचा पांढरा चुना उघडा केला, अशी ती कला आहे. रंग भिंतीच्या अंगात मुरलेला. पोपडा धरायचा कशाचा?

याचा अर्थ आज सर्वांनी चुन्याकडे परतावे असा नाही. माझे म्हणणे एवढेच की, घराभोवतीचा प्रत्येक पृष्ठभाग वेगळा आहे आणि प्रत्येकाची मागणी वेगळी आहे. आपण मात्र रंगांचे कार्ड हातात घेऊन आधी आंबा की पिस्ता हे ठरवतो. खरा पहिला प्रश्न आहे, 'कशावर लावायचा?'

मातीच्या भिंतीपासून सुरुवात करू. तिला चुना, पांढरी माती किंवा काव हेच योग्य. मातीवर प्लॅस्टिक पेंट मारला तर पापुद्रा सुटताना मातीही घेऊन निघतो.

उघड्या चिऱ्याची भिंत असेल तर तिला रंगाची गरज आहे का, हे आधी विचारावे. दर्जा नीट भरलेल्या असतील आणि वळचण पुरेशी असेल तर जांभा स्वतःच देखणा आहे. पाणी अडवायचेच असेल तर चिऱ्यात मुरणारे, वर पापुद्रा न धरणारे सिलिकॉन जातीचे पारदर्शक द्रव्य मिळते. ते दिले तरी दगड दगडच दिसतो आणि आतली वाफ बाहेर जाऊ शकते. अंगणाभोवतीच्या गडग्याला तर रंग देऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला ना छप्पर, ना वळचण. वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी तो पाणी पितो. त्याच्यावर घातलेला रंग म्हणजे पाण्यात टाकलेला पैसा.

सिमेंटचा गिलावा नवा असेल तर घाई करू नये. पाणी मारण्याचे दिवस संपल्यावरही निदान चार आठवडे आणि जमल्यास त्याहून अधिक तो वाळू द्यावा. नव्या सिमेंटात अल्कली असते. तेल आणि अल्कली एकत्र आले की साबण होतो, हे आपण शाळेच्या विज्ञानात शिकलो आहोत. नव्या गिलाव्यावर तेलरंग लावला तर भिंतीवर हाच प्रयोग घडतो: रंग चिकट होतो आणि सुटतो. म्हणून अल्कली सोसणारे अस्तर आधी आणि वर इमल्शनचे दोन हात. स्वस्तात करायचे असेल तर सिमेंट पेंट आहे, ज्याला आमच्याकडे कोणत्याही कंपनीचा असला तरी 'स्नोसेम'च म्हणतात. पण तो सिमेंटाच्या जातीचा असल्याने त्याला पाणी हवे असते. लावण्यापूर्वी भिंत ओलसर करावी लागते, कालवलेला रंग दोन-तीन तासांत संपवावा लागतो आणि नंतर काही दिवस पाणी मारावे लागते. जुन्या ऑइल पेंटवर किंवा सुटणाऱ्या चुन्यावर तो धरत नाही. पाणी न मारलेला सिमेंट पेंट हाताला पांढरा लागतो आणि लोक म्हणतात, माल हलका होता!

खिडक्यांचे गज, जाळ्या आणि फाटक यांचा शत्रू गंज. किनाऱ्याजवळ खाऱ्या वाऱ्याने तो दुप्पट वेगाने धावतो. गंजावरून रंग मारणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. तारेच्या ब्रशाने आणि पॉलिश पेपरने लोखंड उघडे होईपर्यंत घासावे, पुसावे आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यावा. रात्रभर उघडे ठेवले तर सकाळी पुन्हा तांबूस छटा आलीच. वर ऑइल पेंटचे दोन हात. जस्ताचा मुलामा दिलेला नवा पत्रा हे मात्र वेगळे प्रकरण आहे. तो दिसतो लोखंडासारखा, पण रंगाला भेटते जस्त. तेलरंग आणि जस्त यांच्यामध्येही साबणासारखा थर बनतो आणि रंग पापडासारखा निघून येतो. त्यासाठी जस्तावर चालणारे वेगळे अस्तर मागून घ्यावे, किंवा पत्रा एक पावसाळा तसाच जुना होऊ द्यावा.

दारे, खांब आणि वासे लाकडाचे. लाकूड पावसात फुगते, उन्हात आकसते; रंगालाही त्याच्याबरोबर हलता आले पाहिजे. घासणे, लाकडाचे अस्तर, भेगांत पुट्टी, पुन्हा घासणे आणि मग रंग हा त्याचा क्रम. दाराच्या खालच्या कडेला रंग द्यायला बहुतेक लोक विसरतात आणि पाणी नेमके तिथूनच चढते. आमच्याकडे वाशांना काजूच्या टरफलांचे तेल देण्याची रीत होती. मच्छीमार आपल्या होड्यांनाही तेच देत. वाळवीचा बंदोबस्त त्याने होत असे. आणि कौले? मंगळुरास बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला तेव्हापासून ही भाजलेली माती उघड्यावर पाऊस सोसत आली आहे. तिला रंगापेक्षा वेळेवर शेवाळ काढणे आणि फुटके कौल बदलणे अधिक मानवते.

या सर्व कामांत एक गोष्ट समान आहे. खरे काम रंगाच्या आधीचे आहे: खरवडणे, घासणे, धुणे, वाळवणे. शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने मारून, घासून, धुऊन भिंत पुरती सुकवावी लागते. ती सुकली की नाही हे पाहण्याची युक्तीही सोपी आहे. हातभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारही कडांनी घट्ट चिकटवावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावा. आतून थेंब धरले असतील तर भिंत अजून ओली आहे. श्रावणात आमच्याकडे हा कागद कोरडा निघणे कठीण. मग पुढचे सारे कौशल्य व्यर्थ.

इथे प्रश्न केवळ भिंतीचा राहत नाही, तो पोटाचा होतो. आमच्या हिशेबाच्या वहीत आषाढ-श्रावणाची पाने गच्च भरलेली असतात आणि फाल्गुन ते वैशाख ही पाने जवळजवळ कोरी. म्हणजे भिंत जेव्हा सर्वांत कोरडी असते तेव्हा रंगारी रिकामा बसतो, किंवा आंब्याच्या बागेत पेट्या उचलतो. आणि भिंत जेव्हा सर्वांत ओली असते तेव्हा शेवाळलेल्या परांचीवर जीव मुठीत धरून चढतो. दोन वर्षांपूर्वी एका घरमालकांनी गणपतीच्या दहा दिवस आधी बाबांना बोलावले. भिंतीला हात लावून बाबा म्हणाले, "काका, आतून रंग काढू या. बाहेरचा शिमगा झाल्यावर करू, तेव्हा टिकेल." उत्तर आले, "तुला जमत नसेल तर दुसरा बघतो." माझी फी भरण्याचे ते दिवस होते. बाबांनी काम केले. शिमग्यापर्यंत पोपडे पडले आणि 'रंग टिकला नाही' म्हणून उरलेले पैसे मिळाले नाहीत. वहीत ती रक्कम अजून 'येणे' म्हणून आहे. ज्याने धोका आधी सांगितला, नुकसान त्याच्याच माथी आले. माझ्या मते हा अन्याय आहे, आणि तो या एका घरापुरता नाही. घासकामाची मजुरी वेगळी मागितली की 'त्यात काय, नुसते खरवडायचे तर आहे' असे आम्हांला सगळीकडेच ऐकावे लागते.

नुसते खरवडणे किती नुसते आहे पाहा. जुन्या तेलरंगांत शिसे असे. १९२१ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने इमारतींच्या आतील रंगकामात शिशाचा सफेदा वापरण्यावर बंदी घालणारा करार संमत केला. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर दहा लाखांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ साली निघाले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्यापूर्वीचे थर अजून पुष्कळ दारा-खिडक्यांवर आहेत. ते कोरडे घासले की धूळ रंगाऱ्याच्या छातीत आणि अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या हातात जाते; म्हणून ते पाणी लावून घासावेत आणि नाका-तोंडावर चांगली पट्टी असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ सालीच रंगाऱ्याचा व्यवसाय कर्करोगाला कारण होणाऱ्या गोष्टींत घातला आहे. आणि बाबांच्या हाती येणाऱ्या बहुतेक डब्यांवर सावधगिरीच्या सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत असतात! ज्याने वाचायच्या त्याला ती लिपीच येत नाही. निदान महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या डब्यावर मराठीत चार ठळक ओळी असाव्यात ही मागणी फार मोठी आहे का? रंगाऱ्याच्या घरात कॉलेजात जाणारी मुलगी असेलच असे नाही.

माझ्या मतावर आक्षेप येतील. कोणी म्हणेल, सण वर्षातून एकदा. तेव्हा घर देखणे नको का? अवश्य हवे. गणपती जिथे बसतो ती खोली, माजघर, पडवीची आतली बाजू यांना चुन्याचा ताजा हात द्या, तोरणे बांधा. बाहेरच्या भिंतीला फाल्गुनात दिलेला रंग भाद्रपदातही नवाच दिसेल, कारण तो टिकलेला असेल. दुसरे कोणी म्हणेल, उन्हाळ्यात विहिरी आटतात. भिंत धुवायला आणि सिमेंट पेंटवर मारायला पाणी कोठून आणायचे? हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच वैशाखापर्यंत थांबू नये. शिमगा झाला की लगेच काम धरावे. तेव्हा विहिरीला पाणी असते आणि भिंतीला ऊन. उन्हाचेही एक पथ्य आहे. तापल्या भिंतीवर रंग मुरण्याआधीच सुकतो, म्हणून पूर्वेची भिंत दुपारनंतर आणि पश्चिमेची सकाळी, असे सावलीमागून जावे. चाकरमानी शिमग्याला येतो, मे महिन्यातही येतो. पैसे तेव्हाही देता येतात आणि काम डोळ्यांदेखत करून घेता येते.

मित्रांनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी येत्या वर्षी रंग निघेल. मोठ्यांपुढे आपला शब्द फार चालत नाही हे मला माहीत आहे, पण 'आणखी सहा महिने थांबू या' इतके तर आपण म्हणू शकतो. रंगारी भिंतीला हात लावून काय सांगतो ते ऐकू शकतो. घासकामाची मजुरी वेगळी लिहून द्यायला सांगू शकतो. गुरुजनांनाही एक विनंती आहे. आपण आम्हांला रसायनशास्त्रातला साबण शिकवता आणि अर्थशास्त्रातली हंगामी बेकारी शिकवता. हे दोन्ही धडे एकाच ओल्या भिंतीवर लिहिलेले आहेत, तेवढे वर्गात सांगावे. देव रंगाचा भुकेला नाही. भिंतीला मात्र तिची वेळ लागते, आणि ती वेळ ओळखणाऱ्या माणसाला त्याची पुरी मजुरी.